जंगम घरे : रशियन हिवाळा, लाकडी घरांचा बाजार आणि मात्र्योनाची खोली

मालमत्तेचे स्थावर आणि जंगम असे दोन भाग करताना घर कोणत्या बाजूला टाकायचे याविषयी आपल्या मनात कधी शंका येत नाही. पैसा, दागिने, गुरे, भांडीकुंडी हे जंगम. जमीन आणि घर हे स्थावर. 'घर पाहावे बांधून' या म्हणीतले घरही असेच जागेला खिळलेले आहे. म्हणूनच आपल्याकडे घर विकले जाते तेव्हा घर जागच्या जागी राहते आणि माणसे सामानसुमान घेऊन निघून जातात. रशियाच्या वनप्रदेशात काही शतके याच्या नेमके उलटही घडत असे. माणूस जागेवर राही आणि घर निघून जाई. ते ओंडक्याओंडक्याने सुटे होई, स्लेजवर चढे, बर्फावरून दुसऱ्या गावी जाई आणि तेथे पुन्हा उभे राही. या व्यवहाराचा खास ऋतू होता हिवाळा.

या इतिहासाकडे आम्ही वळलो ते अलेक्सांद्र सोल्झेनित्सिन यांच्या 'मात्र्योनाचे घर' या कथेमुळे. तौलनिक साहित्याच्या तासाला ही कथा निघाली की चर्चा बहुधा एकाच वाटेने जाते : मात्र्योना ही संत, फाद्देय हा लोभी म्हातारा, आणि घर हे प्रतीक. हे वाचन चुकीचे म्हणता येणार नाही. पण 'प्रतीक' हा शब्द उच्चारला की वस्तूकडे पाहणे थांबते, असा आमचा अनुभव आहे. घराची खोली सुटी करून बर्फावरून ओढून नेणे ही लेखकाची कल्पना नसून रशियन खेड्यातला जुना, सर्वांना ठाऊक असलेला रिवाज होता, हे एकदा कळले की कथेतली माणसे निराळी दिसू लागतात.

आधी हिवाळाच का, ते पाहू. इमारती लाकडासाठी पाइन आणि स्प्रूस ही झाडे तोडायची ती पानगळ संपल्यानंतर, थंडी पडल्यावर. त्या काळात खोडातला रस थंडावलेला असतो, लाकडात ओल कमी असते, ते लवकर कुजत नाही आणि त्याला कीडही कमी लागते. दुसरे कारण वाहतुकीचे. रशियातले रस्ते पावसाळी शरदात आणि बर्फ वितळण्याच्या दिवसांत चिखलाने बंद पडत. त्या चिखलाच्या काळाला रशियन भाषेत 'रासपुतित्सा' असा स्वतंत्र शब्दच आहे. नद्या गोठल्या आणि जमिनीवर घट्ट बर्फ बसला की हे चित्र पालटे. दलदल पक्की होई, नदी म्हणजे आडवा अडथळा न राहता सरळ रस्ता होई, आणि चाकाच्या गाडीला न पेलणारे ओझे स्लेजवरून घोडा सहज ओढून नेई. तिसरे कारण साधे आहे. शेतीची कामे बंद, दिवस लहान, हात रिकामे. कोस्त्रोमा आणि व्लादिमीर प्रांतांतले सुतार टोळ्या करून कामाला बाहेर पडत. अशा टोळीला 'आर्तेल' म्हणतात. हिवाळा म्हणजे सगळे ठप्प, ही आपली समजूत तेथे लागू पडत नाही. त्या देशात देवाणघेवाण, बाजारहाट, लांबचे प्रवास हे सारे बर्फावरच रंगात येई. व्हेनिसचा राजदूत अँब्रोजो कोंतारिनी १४७६ च्या हिवाळ्यात मॉस्कोत होता. गोठलेल्या मॉस्क्वा नदीच्या पात्रावर दुकाने मांडलेली आणि सोललेल्या गाईडुकरे थंडीने कडक होऊन आपल्या पायांवर उभी, असे दृश्य त्याने नोंदवले आहे.

घर तयार करण्याची रीत अशी. ओंडक्यांच्या टोकांना खाचा पाडून चार ओंडके चौकोनात एकमेकांत बसवले की एक थर होतो. या थराला रशियन भाषेत 'वेनेत्स' म्हणतात. त्याचा अर्थ मुकुट; लग्नात वधूवरांच्या डोक्यावर धरतात त्या मुकुटालाही हाच शब्द आहे. थरावर थर चढवून जो सांगाडा होतो तो 'स्रूब'. करवत ठाऊक असूनही सुतारांचा भर कुऱ्हाडीवर असे, कारण कुऱ्हाडीच्या घावाने लाकडाचे तंतू दबून बंद होतात आणि पाणी आत मुरत नाही. सांगाडा पुष्कळदा जंगलाच्या कडेलाच कोरडा रचून ठेवत, सुकू देत. मग प्रत्येक ओंडक्यावर कुऱ्हाडीनेच खुणेच्या खाचा करून तो सुटा करत. या खुणा हा साऱ्या व्यवहाराचा प्राण होता. त्यांच्या आधारे ते घर कुठेही, कोणीही, त्याच क्रमाने पुन्हा रचू शके. दुसऱ्यांदा रचताना दोन ओंडक्यांच्या मध्ये शेवाळ घालत आणि फटी ठासून बुजवत. इंग्रज वकील जाइल्स फ्लेचर १५८८ मध्ये रशियात गेला होता. १५९१ मध्ये छापलेल्या आपल्या पुस्तकात त्याने या शेवाळ भरलेल्या घरांचे वर्णन केले आहे, आणि त्या देशाला दगडविटांच्या थंड, दमट घरांपेक्षा हीच घरे अधिक योग्य आहेत असा निर्वाळाही दिला आहे. परक्या देशातले सगळेच हीन ठरवण्याची प्रवाशांची खोड पाहता हे विशेष म्हटले पाहिजे.

या तंत्राचा राज्यसत्तेने केलेला सर्वांत मोठा वापर कझानच्या मोहिमेत दिसतो. १५५०-५१ च्या हिवाळ्यात व्होल्गाच्या वरच्या अंगाला, उग्लिचच्या जंगलांत, इवान विरोदकोव याच्या देखरेखीखाली एक अख्खे तटबंदीचे गाव तयार करण्यात आले : भिंती, बुरूज, घरे, चर्चेस. ओंडक्यांवर खुणा केल्या, गाव सुटे केले, आणि बर्फ वितळल्यावर ते व्होल्गाच्या प्रवाहात सोडून शेकडो मैल खाली नेले. कझानपासून तीसेक किलोमीटरवर, स्वियागा नदीच्या मुखाशी असलेल्या टेकडीवर ते सुमारे चार आठवड्यांत उभे राहिले. आणलेले लाकूड निम्म्याच तटाला पुरले आणि उरलेले तेथेच तोडावे लागले, असे बखरकार प्रामाणिकपणे सांगतात. हे स्वियाज्स्क. पुढच्याच वर्षी कझान पडले. त्या पाडावाची चर्चा तोफांच्या आणि सुरुंगांच्या अंगाने पुष्कळ होते. पण शत्रूच्या दारात महिन्याभरात गाव उभे करण्याची ही करामत हिवाळी सुतारकामाची होती.

सामान्य माणसाला मात्र तयार घराची गरज पडे ती आगीमुळे. लाकडी मॉस्को सतत जळत असे. १५४७ आणि १५७१ च्या आगी तर इतिहासात नोंदल्या गेल्या. लहानसहान आगींना गणतीच नव्हती. १६३४ मध्ये प्रथम मॉस्कोला गेलेला जर्मन विद्वान आदाम ओलेआरियुस लिहितो की क्वचितच एखादा महिना, नव्हे आठवडाही, आगीवाचून जाई. विझवण्याची पद्धतही लाकडी गावालाच शोभणारी होती. पाणी मारण्यापेक्षा शेजारची घरे कुऱ्हाडींनी झटपट पाडून आगीची वाट तोडत. मग घर जळालेल्यांचे काय? ओलेआरियुस सांगतो, पांढऱ्या तटाबाहेर एक खास बाजार आहे, तेथे काही रचलेली आणि काही सुटी केलेली पुष्कळ घरे विक्रीला असतात. ती विकत घेऊन थोड्या खर्चात हव्या त्या जागी नेऊन उभी करता येतात. सोळाव्या शतकाच्या अखेरीस शहराभोवती जो लाकडी तट उभारला त्याच्या आतल्या भागाला 'स्कोरोदोम' हे नाव पडले. त्याचा शब्दशः अर्थ झटपट-घर. पुढे आजच्या त्रुबनाया चौकाच्या परिसरात लाकडाचा आणि तयार सांगाड्यांचा बाजार भरत असे.

या बाजाराचे सर्वांत नेटके वर्णन इंग्रज प्रवासी विल्यम कॉक्स याचे आहे. तो १७७८ मध्ये मॉस्कोत होता आणि त्याचे प्रवासवर्णन १७८४ मध्ये प्रसिद्ध झाले. उपनगरातल्या मोठ्या मोकळ्या मैदानावर घरे जमिनीवर पसरून ठेवलेली असत. गिऱ्हाईक येई, किती खोल्या हव्यात ते सांगे, क्रमांक घातलेले ओंडके तपासून पाही आणि घासाघीस करी. पैसे देऊन घर स्वतः घेऊन जाता येई, किंवा ठरल्या जागी नेऊन उभे करून देण्याचा करार विकणाऱ्याशी करता येई. घर विकत घेणे, हलवणे, उभारणे आणि त्यात राहायला जाणे हे सारे एका आठवड्यात उरके, असे कॉक्स सांगतो. आपल्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही याची धास्ती त्याच्या वाक्यांत जाणवते. लेखकाच्या दृष्टीने हे एक कुतूहल आहे. मॉस्कोच्या रहिवाशाच्या दृष्टीने मात्र हा विमा होता. घर जळेल हे गृहीतच धरलेले होते. प्रश्न फक्त दुसरे किती दिवसांत मिळेल एवढाच होता.

१८१२ च्या आगीनंतर हेच पुन्हा घडले. नऊ हजारांहून अधिक घरांपैकी सुमारे साडेसहा हजार घरे त्या आगीत गेली असे सांगतात. तोलस्तोयने 'युद्ध आणि शांती'त आग कोणी लावली या वादाला बाजूला सारून म्हटले की मालकांनी सोडून दिलेले लाकडी शहर जळणारच. तो भाग सर्वांच्या लक्षात राहतो. त्याच कादंबरीच्या शेवटाकडे एक लहानसे चित्र आहे, ते सहसा कोणी उद्धृत करत नाही : फ्रेंच निघून गेल्यावर त्या हिवाळ्याच्या तोंडाशी सुतारांच्या टोळ्या चांगल्या मजुरीच्या आशेने रोज मॉस्कोत शिरत आहेत आणि जिकडेतिकडे ओंडके तासले जात आहेत.

तोलस्तोयला हा विषय पुस्तकापुरता ठाऊक नव्हता. यास्नाया पोल्यानातले मधले मोठे घर, ज्यात तो जन्मला, ते त्याने स्वतःच 'हलवून नेण्यासाठी' विकले. १८५४ साल. तो सैन्यात होता. व्यवहार त्याच्या मेहुण्याने केला. शेजारच्या एका जमीनदाराने ते घर पाच हजार रुबलला घेतले, सुटे केले आणि वीसेक किलोमीटरवरच्या दोल्गोये गावी नेऊन पुन्हा उभारले. तोलस्तोय आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या मनात सैनिकांसाठी एक नियतकालिक काढायचे होते. ते झारने नामंजूर केले. घराचे पैसे हातात राहिले. १८५५ च्या जानेवारी अखेरीस क्रिमियात असताना दोन दिवस आणि दोन रात्री पत्ते खेळून त्याने ते सगळे घालवले. डायरीत त्याने नोंद केली आहे ती पैसे हरल्याची नव्हे, यास्नाया पोल्यानाचे घर हरल्याची. पुढे आयुष्यभर तो त्याच आवारातल्या बाजूच्या इमारतीत राहिला. जन्म कुठे झाला असे कोणी विचारले तर तो एका उंच लार्च वृक्षाच्या शेंड्याकडे बोट दाखवी, कारण ती खोली एके काळी तेवढ्या उंचीवर होती. १८९७ मध्ये त्याने दोल्गोयेला जाऊन ते मोडकळीला आलेले घर पाहिले. १९१३ मध्ये ते लाकडासाठी पाडले गेले. पन्नास वर्षे एखाद्याचे जन्मघर दुसऱ्या गावात उभे आहे आणि त्याच्या मूळ जागी हवेचा एक रिकामा चौकोन आहे, ही परिस्थिती दगडी वाड्यांच्या संस्कृतीत कल्पनेतही येणे अवघड. आपल्याकडे वाडे पडले तेव्हा त्यांचे सागवानी खांब आणि कोरीव चौकटी वखारीत गेल्या खऱ्या. पण वाडा म्हणून वाडा कुठे गेला नाही.

येथे कायद्याचा एक मुद्दा मनात येतो. आपल्या १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने स्थावराच्या व्याख्येतून उभी पिके आणि गवत यांच्याबरोबर उभे इमारती लाकूडही वगळले आहे. झाड मुळे रोवून उभे असले तरी ते तोडण्यासाठीच आहे, म्हणून ते जंगम. रशियन शेतकरी हाच तर्क आणखी एक पाऊल पुढे नेत होता. तोडलेले झाड रचून घर केले, तरी ते लाकूडच आहे. आज ना उद्या ते निघणारच आहे. आणि या जंगम घरात राहणारा माणूस मात्र कसा होता? १६४९ च्या कायदेसंहितेने त्याला जमिनीशी कायमचे बांधून टाकले होते. पुढच्या शतकात जमीनदार त्याला जमिनीवेगळाही विकू लागला, हे खरे. पण स्वतःच्या इच्छेने त्याला गाव सोडता येत नव्हता. घराला पाय होते, माणसाला नव्हते. १८६१ मध्ये भूदासत्व संपले. परंतु १९३२ मध्ये सोव्हिएत राज्याने देशांतर्गत पासपोर्टाची पद्धत सुरू केली तेव्हा सामूहिक शेतीवरच्या शेतकऱ्यांना तो दिला गेला नाही. त्यांना सरसकट पासपोर्ट मिळण्याचा निर्णय १९७४ चा.

विसाव्या शतकात घरांच्या या जंगमपणाला वेगळाच रंग चढला. १९२९ च्या डिसेंबरात स्तालिनने 'कुलाक' वर्ग नाहीसा करण्याची घोषणा केली आणि १९३० च्या जानेवारी अखेरीस त्याचा ठराव झाला. तो हिवाळा घरविक्रीचाच होता म्हणावे लागेल. पण कसली विक्री! आपले नाव यादीत येणार असे ज्यांना वाटले त्यांनी गुरे, अवजारे, घर मिळेल त्या किमतीला फुंकून रातोरात शहराची वाट धरली. ज्यांना उशीर झाला त्यांची घरे जप्त होऊन तेथे शाळा किंवा सामूहिक शेतीची कचेरी आली, आणि ती माणसे भर थंडीत स्लेजवर बसवून हद्दपार केली गेली. घरे स्लेजवरून नेण्याच्या देशात आता घर जागेवर राहिले आणि माणसे नेली गेली. नंतर धरणे आली. रीबिन्स्क जलाशयासाठी मोलोगा हे जुने शहर आणि साडेसहाशेहून अधिक खेडी बुडणार असे ठरले. सुमारे १,३०,००० माणसांना जागा सोडावी लागली. ज्यांची घरे धड होती त्यांनी ओंडक्यांवर क्रमांक घातले, घरे सुटी केली आणि त्यांचे तराफे करून व्होल्गातून नेली. १९४१ च्या एप्रिलात पाणी भरायला सुरुवात झाली. स्वियाज्स्कचीच रीत, तीच नदी. मध्ये सुमारे चारशे वर्षे.

या पार्श्वभूमीवर 'मात्र्योनाचे घर' वाचावी. कथा १९५९ मध्ये लिहिली गेली आणि १९६३ च्या जानेवारीत 'नोवी मीर'मध्ये प्रसिद्ध झाली. एका सत्पुरुषावाचून गाव टिकत नाही अशा अर्थाची म्हण लेखकाने शीर्षकासाठी घेतली होती. ती बदलून आजचे शीर्षक आले ते संपादक त्वार्दोव्स्की यांच्या सूचनेवरून. हा बदल सेन्सॉरच्या भीतीने झाला असेलही. आमच्या मते तो कथेच्या फायद्याचा ठरला, कारण त्याने नजर संतपणावरून घरावर आणली.

कथेतली ती खोली, 'गोरनित्सा', मुख्य घराला लागून एकाच छपराखाली बांधलेली आहे. मात्र्योनाने ती आपल्या मृत्यूनंतर मानलेल्या मुलीला, कीराला, देण्याचे ठरवले आहे. कीरा ही फाद्देयची मुलगी. आणि फाद्देय हा मात्र्योनाचा दीर, एके काळचा तिचा वाग्दत्त वर. पहिल्या महायुद्धात तो बेपत्ता झाला, ती त्याच्या धाकट्या भावाशी लग्न करून बसली, आणि मग तो परतला. आता चाळीस वर्षांनी तो येतो आणि म्हणतो की खोली आत्ताच द्या. का? कीरा आणि तिचा नवरा यांना चेरुस्ती गावी जमिनीचा तुकडा मिळाला आहे, आणि तो टिकवायचा तर त्यावर काहीतरी बांधकाम दिसले पाहिजे. बांधायला दुसरे लाकूड कुठूनही मिळण्यासारखे नाही. कथेतला हा तपशील वाचक सहज ओलांडून जातो. जंगलांनी वेढलेल्या त्या देशात, ज्याच्या राजधानीत घरे बाजारात पसरून ठेवलेली असत, एका तरुण जोडप्याला खोलीभर लाकूड मिळत नाही! बाजार उरलेला नाही, म्हणून म्हातारीच्या डोक्यावरचे छप्पर उघडावे लागते.

फेब्रुवारीत फाद्देय मुलगे आणि जावई घेऊन येतो. पाच कुऱ्हाडी वाजू लागतात. ओंडक्यांवर आणि फळ्यांवर क्रमांक घातले जातात. कॉक्सने पाहिलेले तेच क्रमांक, विरोदकोवच्या सुतारांनी पाडलेल्या त्याच खुणा. फाद्देयचे डोळे चमकतात असे लेखक सांगतो, आणि आपण त्याला लोभ म्हणून मोकळे होतो. पण त्याच ठिकाणी लेखकाने हेही सांगितले आहे की पोरवयात फाद्देयने याच खोलीच्या बांधकामात बापाला मदत केली होती. थोरला मुलगा म्हणून ती त्याच्यासाठीच बांधली जात होती, त्याने नवी नवरी घेऊन तेथे राहावे म्हणून. ती नवरी म्हणजे मात्र्योना. आपल्या न झालेल्या संसाराची खोली तो थराथराने उतरवतो आहे. जे त्याच्या नावाने रचले गेले आणि ज्यात तो कधी राहिला नाही, ते रशियन रीतीप्रमाणे जंगम असल्यामुळे त्याला अजून घेऊन जाता येते. दगडी घर असते तर त्याची ही आस कधीच विझून गेली असती. हे सांगण्यात फाद्देयला निर्दोष ठरवण्याचा आमचा हेतू नाही. पुढे तो जे करतो त्याला क्षमा नाही. पण त्याचा लोभ हवेतून आलेला नसून घराविषयीच्या एका जुन्या समजातून आला आहे, एवढे वर्गात सांगितले पाहिजे असे आम्हांला वाटते.

मात्र्योनाला दोन रात्री झोप नाही. खोली रिकामी पडून होती, द्यायला तिची ना नव्हती. जिच्याखाली चाळीस वर्षे काढली ते छप्पर मोडायला लागणे तिला सहन होत नाही. जंगम घराच्या व्यवहारात जो कोणाच्याच हिशेबात येत नाही तो हा भाग. ओंडक्यांना क्रमांक घालता येतात. राहिलेल्या वर्षांना घालता येत नाहीत. त्याच दिवसांत तिची लंगडी मांजर नाहीशी होते. रशियन लोकरिवाजात नव्या घरात आधी मांजराला सोडतात, आणि जुन्या चुलीतले निखारे नेऊन घरदेवतेला, 'दोमोवोय'ला, सोबत येण्याची विनवणी करतात. म्हणजे घर हलवण्यासाठी निव्वळ कुऱ्हाडी पुरत नाहीत; काही विधी लागतो, कोणाची तरी अनुमती लागते. येथे निखारे कोणी नेत नाही आणि मांजर आपणहून निघून जाते. लेखक यावर एक शब्दही अधिक बोलत नाही.

हिवाळाही आता पूर्वीसारखा सोबती राहिलेला नाही. दोन दिवस वादळ होऊन वाट बर्फाखाली जाते. ती मोकळी होते तोच अचानक उष्णता वाढून सगळे वितळू लागते. दोन आठवडे मोडलेली खोली ट्रॅक्टरच्या हाती लागत नाही. पूर्वी घोडे असत, आणि शेतकऱ्याचे स्वतःचे असत. आता ट्रॅक्टर सरकारी; चालक तो रात्री गुपचूप काढतो, घरी गाळलेल्या दारूच्या मोबदल्यात. दुसरी खेप करण्याची सोय नाही, म्हणून एकाच ट्रॅक्टरमागे दोन स्लेज जोडल्या जातात. रेल्वे फाटकावर दुसऱ्या स्लेजचा दोर तुटतो. मात्र्योना, जिचे तेथे काही काम नव्हते, मदत करायला मध्ये शिरते. दिवे नसलेली दोन जोडलेली इंजिने उलटी येतात. ती, फाद्देयचा एक मुलगा आणि ट्रॅक्टरचालक असे तिघे जातात. इंजिनाने केलेल्या या मृत्यूत नियतीपेक्षा जुना रिवाज आणि नवी व्यवस्था यांची टक्कर आम्हांला अधिक स्पष्ट दिसते : जंगम घर तेच राहिले, पण त्याला वाहून नेणारी वाट, जनावर, बाजार आणि मोकळीक ही सगळी गेली.

या कथेशेजारी वालेंतिन रासपुतीन यांची 'मात्योराचा निरोप' (१९७६) ही कादंबरी ठेवून वाचावी. अंगारा नदीवरच्या धरणात बुडणाऱ्या बेटावर म्हातारी दार्या आपले घर जाळले जाण्याआधी धुऊन, चुन्याने रंगवून, सजवून ठेवते. घर विकण्यापूर्वी रंगरंगोटी करण्याची रीत सगळीकडे आहे. दार्याची तयारी ही मढ्याला आंघोळ घालण्यासारखी आहे. ते घर कुठेही जाणार नाही. मात्र्योनाचे अर्धे घर निघाले तरी होते.

फाद्देयकडे परत येऊ. मुलाचे आणि मात्र्योनाचे प्रेत अजून घरात आहे, आणि तो फाटकावर पडलेले खोलीचे ओंडके सोडवण्यासाठी हेलपाटे घालतो आहे. नंतर वाटणीत मात्र्योनाचा गोठा आणि कुंपण त्याच्याकडे येते. अंगातल्या कळा विसरून म्हातारा पुन्हा तरतरीत होतो, उरलेले मुलगे आणि जावई गोळा करतो, गोठा सुटा करतो आणि ओंडके लहानशा हातस्लेजवर घालून स्वतः ओढून नेतो. शेवटी शेवटी त्याच्याबरोबर त्याचा धाकटा मुलगा अंतोश्का एवढाच उरतो. हाच आठवीतला मुलगा निवेदकाच्या गणिताच्या वर्गात काहीही करत नसे, आणि त्याला नापास करू नये म्हणून फाद्देय पहिल्यांदा त्या घरात आला होता. ओंडके ओढताना मात्र पोरगा आळस करत नाही. मात्र्योनाचे उरलेले घर वसंत येईपर्यंत खिळे ठोकून बंद करण्यात येते.